ओल भिंतीची, भांडण भाड्याचं

आज घरभाड्याबद्दल बोलायचं आहे. गटाच्या बैठकीत हप्ते झाले, कर्जाचे अर्ज झाले, की चहाच्या वेळी जे विषय निघतात त्यात हा दर पावसाळ्यात निघतोच. आपल्या कोल्हापुरात एकाच गटात घरमालकीणही असते आणि भाडेकरूही असते. एकीनं माडीवरची खोली भाड्यानं दिलेली असते, कारण त्या पैशावर तिचं औषधपाणी चालतं. दुसरी अशाच एका खोलीत राहते, कारण नवरा शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला आहे. एकीचं ऐकलं तर ती खरी वाटते, दुसरीचं ऐकलं तर तीही. त्यामुळे आज मी कुणा एकीची वकिली करणार नाही.

एक गोष्ट मात्र मला फार खटकते. आपण गटात दोनशे रुपयांची बचत भरतो आणि वहीत सही झाल्याशिवाय जागची हलत नाही. एखाद्या महिन्याची सही राहिली तर पुढच्या बैठकीला आधी ती मागतो. आणि याच आपण बायका वीस-पंचवीस हजार रुपये डिपॉझिट हातात देताना पावती मागत नाही. "असं कसं मागायचं, त्यांना काय वाटेल?" देणारीला लाज वाटते आणि घेणारीला वाटतं, "माझ्यावर विश्वास नाही काय?" अहो, गटात तरी आपण एकमेकींवर विश्वास नाही म्हणून सह्या करतो का?

आता भांडण होतं कसं ते सांगते. आमच्याकडच्या एका गटातली ही हकिगत आहे. दोघींच्या परवानगीनं सांगते आहे, नावं मात्र सांगणार नाही. मालकिणीला काकी म्हणू, भाडेकरणीला वहिनी.

काकींचे यजमान वारले, तेव्हापासून त्यांनी माडीवरची खोली आणि स्वयंपाकघर भाड्यानं दिलं. भाडं साडेचार हजार. सगळा व्यवहार तोंडी. पावसाळा लागला तशी आतल्या खोलीची उत्तरेकडची भिंत ओली झाली. आधी पोपडे सुटले, मग काळे ठिपके आले. वहिनींचं तीन वर्षांचं पोर रात्रभर खोकायला लागलं. वहिनींनी दोनदा सांगितलं, काकी म्हणाल्या, "पाऊस थांबू दे, बघू." जुलैमध्ये वहिनींनी भाडं थांबवलं. "आधी भिंत करा, मग भाडं." काकींनी उत्तर दिलं, "मग मी डिपॉझिटमधून कापते." असं ऑक्टोबरपर्यंत चाललं. चार महिन्यांचे अठरा हजार झाले. वर काकी म्हणाल्या, खोली खराब केली, रंगाला सहा हजार लागतील. म्हणजे चोवीस हजार. डिपॉझिट वीस हजार. "तूच मला चार हजार देणं लागतेस." वहिनी म्हणाल्या, डिपॉझिट वीस नव्हतंच, पंचवीस होतं, पाच हजार मी नंतर रोख दिले होते. काकींना ते आठवेना. पावती नाही. शेवटी रागाच्या भरात काकींनी टाकीचा कॉक बंद केला आणि दोन दिवस वर पाणी नाही.

बघा, मूळ तक्रार होती एका भिंतीची. तिच्यात भाडं अडकलं, भाड्यात डिपॉझिट अडकलं आणि शेवटी पाणी तुटलं. अशा भांडणात मध्ये पडायचं असेल तर पहिलं काम म्हणजे हा गुंता सोडवणं. भिंतीचा प्रश्न वेगळा, भाड्याचा वेगळा, डिपॉझिटचा वेगळा. आणि पाण्याचा तर प्रश्नच नाही, ते त्याच दिवशी सुरू झालं पाहिजे. भाडेकरूचं पाणी-वीज तोडणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं गुन्हा आहे, भाडं थकलेलं असलं तरीही. काकींना हे सांगितल्यावर त्या जरा घाबरल्या, पण कॉक उघडला.

आता भिंतीकडे येऊ. ओल म्हटलं की मालकीण म्हणते, "तुम्ही घरात कपडे वाळत घालता म्हणून." भाडेकरू म्हणते, "तुमचं घरच गळकं." दोन्ही खरं असू शकतं, कधी कधी एकाच खोलीत. ओल येण्याच्या वाटा वेगवेगळ्या असतात. गच्चीच्या कोब्याला भेग पडली, पन्हळ तुंबली, पावसाच्या पाण्याचा पाइप सांध्यातून फुटला, तर पाणी बाहेरून आत येतं. असा डाग वरून खाली उतरतो किंवा पाइपाच्या रेषेत दिसतो, आणि मोठ्या पावसानंतर वाढतो. न्हाणीघराचा नळ भिंतीत गळत असेल तर डाग पाऊस नसतानाही तसाच राहतो. जुन्या घरांत जमिनीतली ओल भिंतीत वर चढते, साधारण कमरेपर्यंत, आणि तिथे पांढरा लोणा लागतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या घरांत पाणी शिरलं होतं, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

लोणा आणि बुरशी यांत गल्लत होते. लोणा म्हणजे भिंतीतले क्षार. पांढरा, भुसभुशीत, पाण्यात विरघळतो. बुरशी काळी, हिरवी, कधी पांढरीही असते, पण तिला कुबट वास येतो आणि ती ठिपक्या-ठिपक्यांनी पसरते. दमा असलेल्यांना, लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना तिचा त्रास होतो. पोराचा खोकला भिंतीमुळेच आहे असं आपण ठरवायचं नाही, ते डॉक्टरांना विचारायचं. पण खोलीत बुरशी आहे हे डॉक्टरांना सांगायचं नक्की.

चौथी वाट घरातूनच येते. दारं-खिडक्या बंद, आत दोरीवर ओले कपडे, शेगडीवर भाताची वाफ. ही वाफ गार भिंतीवर बसते आणि तिथे बुरशी धरते. कोपऱ्यात आणि कपाटामागे ती जास्त असते, कारण तिथे वारं फिरत नाही.

पाणी भिंतीतून येतंय की हवेतून, हे बघायची एक सोपी युक्ती आहे. चपात्या गुंडाळायचा चंदेरी कागद घ्या, हातभर चौकोनी. भिंतीची ती जागा कापडानं पुसून कोरडी करा आणि कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा. दोन दिवस तसाच ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला, दमटपणा आला तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला थेंब जमले तर ती घरातली वाफ आहे. ही काही प्रयोगशाळेची तपासणी नव्हे, पण दोघींनी मिळून कागद लावला आणि दोघींनी मिळून काढला तर निम्मं भांडण तिथेच मिटतं.

आम्ही काकींच्या घरी गवंड्यालाही बोलावलं. उत्तरेकडच्या भिंतीवर गच्चीच्या पाइपाचा सांधा फुटलेला निघाला. म्हणजे ते काम काकींचं. पण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली काळी बुरशी वाफेची होती. कपड्यांची दोरी अगदी तिथेच होती. ते वहिनींनी मान्य केलं. दोघींचे चेहरे थोडे पडले, खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. एकटीचाच चेहरा पडला असता तर पुढचं बोलणं झालं नसतं.

बुरशी साफ करताना काळजी घ्या. कोरड्या झाडूनं खरवडू नका, ती घरभर उडते. नाका-तोंडाला फडकं बांधा, खिडक्या उघडा, मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा आणि कपडे धुवायच्या पावडरीच्या पाण्यानं घासा, मग कोरडं पुसा. ब्लीच वापरलंत तर त्यात संडास-बाथरूमचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. आणि ओलीवर नुसता रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. पाणी यायची वाट बंद केल्याशिवाय, भिंत सुकल्याशिवाय, रंग टिकत नाही. खोली भाड्यानं घेताना हे लक्षात ठेवा. एप्रिल-मेमध्ये ताजा रंग मारलेली खोली छानच दिसते. कपाटाचं दार उघडून वास घ्या, खिडकीखाली हात फिरवा, शेजारणीला विचारा, "पावसात कसं असतं हो?"

आता दुरुस्ती कुणी करायची? कायद्याप्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवणं मालकाचं काम आहे. मालक करत नसेल तर भाडेकरूनं लेखी नोटीस द्यायची, किमान पंधरा दिवसांची. तरीही काही झालं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वजा करू शकतो. पण वर्षाला जेवढं भाडं होतं, त्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. वहिनींचं भाडं वर्षाला चोपन्न हजार, म्हणजे साडेतेरा हजारांपर्यंत. खर्चाची बिलं जपून ठेवायची. नीट लक्ष द्या, कायदा दुरुस्तीचा खर्च वजा करायला देतो. सगळं भाडंच बंद करायला देत नाही. वहिनींनी नोटीस दिली असती, पाइप बदलून घेतला असता आणि उरलेलं भाडं दर महिन्याला दिलं असतं, तर त्यांची बाजू लोखंडासारखी झाली असती.

इथे अजून एक बारकावा आहे. हल्ली बहुतेक घरं 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे अकरा महिन्यांच्या करारावर दिली जातात. त्या करारात राहणारी व्यक्ती कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसते, तिला फक्त वापराची परवानगी असते. तिथे करारात जे लिहिलं आहे त्यालाच सगळं वजन. त्यामुळे दुरुस्ती कोण करणार, किती दिवसांत करणार, हे करारात लिहून घ्या. छापील करारात ते बहुधा नसतं, आणि असलं तरी बायका वाचत नाहीत. नवरे तरी कुठे वाचतात म्हणा!

आता भाडं थकल्याचं. मालकिणीनं काय करायचं? कुलूप लावायचं नाही, सामान बाहेर काढायचं नाही. साधी भाडेकरू असेल तर थकबाकीची लेखी नोटीस द्यायची आणि नव्वद दिवस थांबल्यावरच घर रिकामं करून घ्यायचा दावा लावता येतो. दावा लागल्यावरही, समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूनं सगळी थकबाकी पंधरा टक्के व्याजानं आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरली तर थकबाकीच्या कारणानं तिला काढता येत नाही. लिव्ह अँड लायसन्स असेल तर मुदत संपल्यावर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतर जागा अडवून बसणाऱ्याला दुप्पट दरानं पैसे भरावे लागू शकतात. भाडेकरूंनीही हे ऐकून ठेवा.

भाडं देताना पावती घ्यायचीच. मालकानं पावती देणं कायद्यानं बंधनकारक आहे. मोबाइलवरून पाठवत असाल तर टिपेच्या जागी 'जुलैचं भाडं' असं लिहा. मालकीण रागावून भाडं घेत नसेल तरी पैसे बाजूला ठेवा, आणि आपण द्यायला तयार आहोत हे लेखी कळवा.

डिपॉझिटबद्दल माझं मत जरा कडक आहे. मालकिणींना वाटतं डिपॉझिट आलं म्हणजे पैसे आले. आले नाहीत बाई, ते देणं आहे. गटातून बिनव्याजी कर्ज घ्यावं तसं ते आहे, आणि फेडायची तारीख तुमच्या हातात नाही, भाडेकरू सोडून जाईल तो दिवस. काकींनी त्या पैशातून माडीवरचे पत्रे बदलले होते. कामाचाच खर्च होता, चैनीचा नव्हता. पण परत द्यायची वेळ आली तेव्हा त्यांच्याकडे काहीच नव्हतं. कापायची कारणं शोधायची सवय इथूनच लागते. रंगाचे सहा हजार त्यातूनच आले. काळानुसार रंग उडतो, खिळ्याचं भोक राहतं, ती वापराची झीज आहे. ती भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. फुटलेलं बेसिन, थकलेलं वीजबिल, थकलेलं भाडं, हे वजा होऊ शकतं. हिशोब कागदावर द्यायचा, बिलं जोडायची.

डिपॉझिट किती घ्यावं याला आपल्या राज्याच्या भाडे कायद्यात मर्यादा नाही. केंद्रानं २०२१ साली आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांना पाठवला, त्यात घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच मर्यादा सुचवली आहे. पण तो नमुना आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. "मोबाइलवर वाचलं, दोनच महिन्यांचं घेता येतं," असं म्हणून कुणी भांडायला जाऊ नका.

वहिनींच्या त्या पाच हजारांचं काय झालं ते सांगते. पावती नव्हतीच. पण गटाची कर्जवही काढली तर त्याच आठवड्यात वहिनींनी पाच हजार अंतर्गत कर्ज घेतलेलं होतं, आणि कारणाच्या रकान्यात सचिवांनी लिहिलं होतं, 'घरभाडे अनामत'. याचा अर्थ पैसे काकींना पोहोचलेच असा होत नाही, कोर्टात कुणी तसं म्हणालंही असतं. पण वही वाचल्यावर काकी थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "दिलं असतील. पत्र्याच्या वेळचं हाय ते."

मग हिशोब असा बसला. राहिलेल्या महिन्यांचं भाडं द्यायचंच. पण जुलै ते सप्टेंबर आतली खोली वापरता आली नाही म्हणून महिना हजार रुपये सूट. अठरातले तीन गेले, पंधरा हजार राहिले. रंगाचे पैसे नाहीत. पंचवीसमधून पंधरा वजा, वहिनींना दहा हजार परत. काकींनी चार हजार लगेच दिले, बाकीचे दोन-दोन हजार तीन महिन्यांत. सगळं कागदावर लिहून दोघींच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. वहिनींनी दिवाळीनंतर घर बदललं. काकींनी पाइप बदलला, आता खाली पाणी येत नाही. बैठकीत दोघी एकमेकींशेजारी बसत नाहीत, पण हप्ता दोघींचाही वेळेवर येतो.

आता कागदाबद्दल, कारण सगळं तिथेच अडतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. त्याच्या ५५व्या कलमानुसार करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि मालकिणींनो, यातली खरी मेख पुढे आहे. नोंदणी नसेल तर जागा कोणत्या अटींवर घेतली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं ओझं तुमच्यावर. पाचशेच्या स्टँपवर नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली असं पुष्कळजणी समजतात. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते, आता घरबसल्या ऑनलाइनही होते, आधार आणि अंगठ्याचा ठसा लागतो. नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. परत द्यायचं डिपॉझिट असेल तर त्यावर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवतात आणि मग पाव टक्का काढतात. साडेचार हजारांच्या खोलीला हे शुल्क फार होत नाही. एजंट काय घेतो ते आधी विचारून घ्या, खर्च कुणी करायचा तेही आधीच ठरवा.

करारासोबत एक साधी यादी करा. पंखे किती, नळ कसे, मीटरचं त्या दिवशीचं रीडिंग, आणि भिंतींचे फोटो. चारही भिंतींचे, कपाट हलवून. फोटो दोघींच्या मोबाइलवर हवेत. डिपॉझिट किती, कुठल्या तारखेला दिलं, घर सोडल्यावर किती दिवसांत परत, कशाकशाचे पैसे कापायचे, हे करारातच लिहा.

एवढं करूनही भांडण झालं आणि गटात सुटलं नाही तर वकिलाच्या फीला घाबरून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. मालकीण असो की भाडेकरू, दोघींनाही. कसबा बावड्यात जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती. दावा लावायच्या आधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथे कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली तर ती कोर्टाच्या हुकुमासारखीच, तिच्यावर अपील नाही. तेव्हा सही करण्याआधी आकडे नीट वाचा. डिपॉझिट परत मिळालं नाही तर दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते, म्हणून "बघू, देतील" करत वर्षं घालवू नका.

फोनवरून विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत. फोन करायच्या आधी करार, पावत्या आणि फोटो समोर घेऊन बसा. कराराची तारीख, डिपॉझिटची रक्कम आणि शेवटचं भाडं कुठल्या महिन्याचं दिलं, एवढं एका कागदावर लिहून ठेवलंत तर बोलणं पाच मिनिटांत होतं. नमस्कार.